जेरोम : शास्त्राचा भाषांतरकार आणि ब्रह्मचर्याचा कैवारी

गोवा, बेळगाव, वडोदरा, हैदराबाद अशा ठिकाणी आपल्या मंडळ्यांतील कितीतरी कुटुंबे रोमन कॅथलिक शेजाऱ्यांच्या भिंतीला भिंत लावून राहतात. नाताळात फराळाची ताटे इकडून तिकडे जातात, मयताच्या वेळी खांदा देण्यास दोन्हीकडची माणसे धावून येतात. अशा सहवासात केव्हातरी एक प्रश्न निघतोच. तुमचे पाळक बायकामुलांसह राहतात, मग आमच्या फादरांना लग्नाची मनाई का? किंवा आपल्यातलाच एखादा तरुण विचारतो की, ही मनाई पवित्र शास्त्रात कोठे सांगितली आहे?

या प्रश्नाला आपल्याकडे एक तयार उत्तर असते. अकराव्या शतकात ग्रेगरी सातवा या पोपने ही प्रथा सुरू केली, त्यापूर्वी ती नव्हती, असे सांगून आपण विषय संपवतो. आम्हीही अनेक वर्षे उपदेशात हेच सांगत आलो. पुढे पदविकेच्या अभ्यासाच्या निमित्ताने मंडळीचा प्राचीन इतिहास नीट वाचावा लागला, तेव्हा हे उत्तर अर्धेच खरे आहे असे ध्यानात आले आणि आम्हांस थोडी लाजही वाटली. ग्रेगरी सातव्याने इ. स. १०७४ च्या धर्मसभेत हा नियम कडक केला हे खरे. पण त्या नियमाचे मूळ त्याच्याही आधी सुमारे सातशे वर्षांचे आहे. तसेच ही प्रथा प्रेषितांनीच घालून दिली असे जे दुसऱ्या बाजूने सांगितले जाते, तेही शास्त्राला धरून नाही. खरी हकीकत या दोहोंच्या मध्ये आहे, आणि ती समजून घ्यायची तर चौथ्या शतकातील जेरोम या पुरुषाच्या चरित्राकडे पाहणे हा चांगला मार्ग आहे.

बालपण आणि शिक्षण

जेरोमचा जन्म इ. स. ३४७ च्या सुमारास दाल्मातिया व पान्नोनिया या रोमी प्रांतांच्या सीमेवरील स्ट्रिडॉन नावाच्या गावी झाला. घर ख्रिस्ती आणि खाऊनपिऊन सुखी होते. आईबापांनी त्याला शिक्षणासाठी रोमला पाठविले. तेथे दोनातुस नावाच्या नामांकित व्याकरणपंडिताजवळ तो शिकला. लॅटिन भाषेवर त्याचे असे प्रभुत्व बसले की, त्या काळी त्याच्या तोडीचे लॅटिन लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. रविवारी तो मित्रांबरोबर भुयारांतील हुतात्म्यांच्या कबरी पाहावयास जाई. त्याच शहरात तरुणपणीच्या मोहांतही तो सापडला, हे त्याने पुढे स्वतःच कबूल केले आहे. रोममध्येच त्याचा बाप्तिस्मा झाला.

नंतर तो ट्रिअर शहरी गेला असता सर्वस्व सोडून संन्यस्त जीवन जगावे असे त्याच्या मनाने घेतले. इटलीतील अक्विलेया येथे तशाच विचारांचे मित्र त्याला मिळाले. त्या मंडळाची फाटाफूट झाल्यावर इ. स. ३७३ च्या सुमारास तो पूर्वेकडे निघाला आणि अंत्युखियास पोहोचला. तेथे तो तापाने फणफणला असता त्याला एक स्वप्न पडले. आपण न्यायासनापुढे उभे आहोत, आपण ख्रिस्ती असल्याचे सांगताच न्यायाधीश ते नाकारून आपल्याला सिसेरोचा शिष्य ठरवीत आहे, आणि आपल्याला फटके बसत आहेत, असे त्याने पाहिले. जागा झाल्यावर देवाच्या वचनाचा अभ्यास मुख्य मानण्याचा त्याने निश्चय केला.

अरण्यातील वर्षे

सुरिया देशातील खाल्किसच्या अरण्यात त्याने दोनतीन वर्षे काढली. उपास, जागरणे, गोणपाटाची वस्त्रे, उन्हाने काळवंडलेले अंग, असे ते जीवन होते. तरीही मन स्वस्थ बसेना. शरीर अरण्यात विंचवांच्या संगतीत असताना मन रोमच्या नर्तकींमध्ये जाऊन बसे, असे त्याने पुढे एका पत्रात मोकळेपणाने लिहिले आहे. या मनाला कामास लावण्यासाठी त्याने एका ख्रिस्ती झालेल्या यहूद्याजवळ इब्री भाषा शिकण्यास प्रारंभ केला. घशातून काढावयाचे ते उच्चार त्याला फार जड गेले. कितीदा अभ्यास सोडला आणि कितीदा पुन्हा धरला. ज्या इब्री भाषेमुळे पुढे त्याचे नाव झाले, ती त्याने वासनेशी झगडताना शिकली, ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. ब्रह्मचर्याविषयी तो जे लिही ते सहज पाळता येणाऱ्या गोष्टीविषयी नव्हते. त्याची भाषा पुढे इतकी तीक्ष्ण का झाली, याचे एक कारण आम्हांस येथे दिसते.

अंत्युखियात त्याला वडिलाची, म्हणजे प्रेस्बितरची, दीक्षा मिळाली. परंतु आपले संन्यस्त जीवन सोडावे लागू नये या अटीवरच त्याने ती घेतली. त्यानंतर कॉन्स्टँटिनोपलला जाऊन तो नाझियान्झसच्या ग्रेगरीच्या चरणी बसून शास्त्र शिकला. हा ग्रेगरी स्वतः अविवाहित होता, पण त्याचा बाप नाझियान्झसच्या मंडळीचा बिशप होता आणि आई नोन्ना ही प्रार्थनाशील स्त्री म्हणून नावाजलेली होती. म्हणजे ज्या गुरूचा जेरोमला अभिमान होता, तो गुरू बिशपच्या घरात वाढलेला मुलगा होता.

त्या काळची मंडळीची स्थिती

येथे थोडे थांबून तेव्हाची परिस्थिती पाहिली पाहिजे. नव्या करारात पेत्राला सासू असल्याचा उल्लेख आहे (मत्तय ८:१४). इतर प्रेषित व प्रभूचे भाऊ पत्नीला बरोबर घेऊन फिरत, हे पौल सांगतो (१ करिंथ ९:५). अध्यक्ष एका स्त्रीचा पती असावा आणि त्याने आपले घर नीट चालवावे, असे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आहे. तेव्हा पहिल्या तीन शतकांत विवाहित वडील व बिशप असणे ही सामान्य गोष्ट होती.

परंतु शास्त्रात दुसरीही बाजू आहे. प्रभू येशूने स्वर्गाच्या राज्यासाठी लग्नावाचून राहणाऱ्यांचा उल्लेख केला आहे (मत्तय १९:१२) आणि ज्याला हे साधते त्याने ते स्वीकारावे असे म्हटले आहे. पौल स्वतः एकटा होता व अविवाहिताला प्रभूच्या कामाची चिंता अधिक मोकळेपणाने वाहता येते असे त्याचे मत होते (१ करिंथ ७:३२). छळाचा काळ संपून मंडळीला राजाश्रय मिळाला, तेव्हा हुतात्मा होण्याची वाट बंद झाली. ज्यांना प्रभूसाठी सर्वस्व द्यावयाचे होते त्यांना अरण्य आणि ब्रह्मचर्य हाच मार्ग दिसू लागला. लोकही अशा विरक्तांना देवमाणसे मानू लागले, आणि मग पाळकानेही विरक्तासारखे असावे अशी अपेक्षा वाढत गेली.

स्पेनमधील एल्व्हिरा येथे इ. स. ३०५ च्या सुमारास भरलेल्या धर्मसभेच्या नावावर जे नियम आहेत, त्यांतील ३३ वा नियम बिशप, वडील व डीकन यांनी पत्नीसंग वर्ज्य करावा असे सांगतो. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. लग्न झालेल्या माणसाला पाळक करू नये असा तो नियम नव्हता. लग्न झालेला चालेल, पण दीक्षेनंतर त्याने पत्नीजवळ भावासारखे राहावे, अशी ती अट होती. पश्चिमेकडील सर्वांत जुना नियम तो हाच. इ. स. ३२५ च्या नायसिया परिषदेने पाळकांच्या घरी परक्या स्त्रियांनी राहू नये एवढाच नियम केला. तेथे इजिप्तचा पाफ्नुशियस नावाचा बिशप, जो स्वतः अविवाहित होता व ज्याचा एक डोळा छळात गेला होता, त्याने उठून पाळकांवर हे जड जू लादू नका असे सांगितले, अशी कथा शंभर वर्षांनंतरच्या एका इतिहासकाराने दिली आहे. आजचे अभ्यासक तिच्याविषयी शंका घेतात, म्हणून आम्ही तिच्यावर भार देत नाही. मात्र इ. स. ३४० च्या सुमारास आशिया मायनरमधील गांग्रा येथे भरलेल्या सभेने, विवाहित वडिलाच्या हातून प्रभुभोजन घेण्यास जे नाकारतात त्यांना दोषी ठरविले. विवाहित सेवकाला कमी लेखणारे लोक तेव्हाच निर्माण झाले होते, हे यावरून समजते.

रोममधील तीन वर्षे

इ. स. ३८२ मध्ये जेरोम रोमला परतला आणि बिशप दमासस याचा चिटणीस झाला. या दमाससचा बापही रोमच्याच मंडळीत पायरीपायरीने चढून याजकपदास पोहोचलेला होता. दमाससने जेरोमला शुभवर्तमानांचे जुने लॅटिन भाषांतर मूळ ग्रीकशी ताडून सुधारण्याचे काम दिले.

याच वेळी अव्हेंटाइन टेकडीवर मार्सेला नावाच्या एका श्रीमंत विधवेच्या घरी काही स्त्रिया शास्त्राभ्यासासाठी जमत असत. जेरोम त्यांचा शिक्षक झाला. त्यांत पाउला ही उच्च कुळातील विधवा होती. तिला चार मुली व एक मुलगा होता. तिची मुलगी युस्टोकियम हिने आजन्म कुमारी राहण्याचे ठरविले होते. तिला जेरोमने इ. स. ३८४ मध्ये एक दीर्घ पत्र लिहिले. त्यात कौमार्याची थोरवी आहे; लग्नाची स्तुतीही आहे, पण ती अशासाठी की लग्नामुळे कुमारींचा जन्म होतो! त्याच पत्रात त्याने रोमच्या ढोंगी पाळकांचे वाभाडे काढले. केस कुरळे करून, अत्तर लावून श्रीमंत विधवांच्या घरी भेटी उकळीत फिरणारे आणि ब्रह्मचर्याचे नाव सांगून परस्त्रीबरोबर एका घरात राहणारे लोक त्याने असे रंगविले की, शहरात त्याचे शत्रू वाढले.

त्याच वर्षी एक दुःखद घटना घडली. पाउलाची थोरली मुलगी ब्लेसिला लग्नानंतर सातच महिन्यांत विधवा झाली होती. वय अवघे वीस. तापातून उठल्यावर तिने जेरोमच्या उपदेशाने कडक उपास व तप सुरू केले, आणि काही महिन्यांतच ती मरण पावली. प्रेतयात्रेत पाउला मूर्च्छित पडली. लोक कुजबुजू लागले की, या संन्याशांनी पोरीला उपासाने मारले. जेरोमने आईला सांत्वनपर पत्र लिहिले. त्यात तो स्वतः रडतोही आणि अतिशोक केल्याबद्दल आईला दोषही देतो. हे पत्र वाचताना आमचे मन त्या आईकडेच ओढ घेते.

डिसेंबर ३८४ मध्ये दमासस मरण पावला व सिरिसियस हा बिशप झाला. स्पेनमधील तारागोनाचा बिशप हिमेरियस याने काही प्रश्न विचारणारे पत्र पाठविले होते, त्याला सिरिसियसने १० फेब्रुवारी ३८५ रोजी उत्तर दिले. स्पेनमध्ये पुष्कळ वडील व डीकन यांना दीक्षेनंतरही मुले होत असत आणि जुन्या करारातील याजकांना बायकामुले होती असे ते आपल्या बाजूने दाखवीत. सिरिसियसने उत्तर दिले की, ते याजक आपल्या पाळीच्या दिवसांत घर सोडून मंदिरातच राहत. आपली सेवा तर रोजची आहे, तेव्हा आपण रोजच शुद्ध राहिले पाहिजे. ज्यांनी अज्ञानाने चूक केली त्यांनी पुढे संयमाने राहिल्यास पदावर राहावे, पण त्यांना बढती मिळू नये. जे हट्ट धरतील त्यांनी पद गमवावे. हे पत्र म्हणजे रोमच्या बिशपाने या विषयावर दिलेली, आज उपलब्ध असलेली, पहिली स्पष्ट आज्ञा होय. आपल्या लोकांना सोवळेओवळे समजावून सांगावे लागत नाही. जखऱ्या याजकाची पाळी असे (लूक १:२३), ती संपल्यावर तो घरी जाई. ती पाळी आता कधीच संपणार नाही असे ठरले, आणि पाळकाचे घर त्यात गेले.

दमासस गेल्यावर जेरोमचा आधार गेला. पाउलाशी त्याचे नाव जोडून वाईट बोलले जाऊ लागले. ऑगस्ट ३८५ मध्ये त्याने रोम सोडले. पाउलाही युस्टोकियमला घेऊन निघाली. गलबत सुटताना लहानगा टोक्सोशियस किनाऱ्यावरून हात पसरून आईला बोलावीत होता आणि दुसरी मुलगी रुफिना मुकाट्याने अश्रू ढाळीत होती. पाउलाने कोरड्या डोळ्यांनी आकाशाकडे पाहिले, असे जेरोमनेच पुढे गौरवाने लिहिले आहे. तो ज्याला विजय म्हणतो, तो वाचताना आम्हांस गहिवरून येते.

बेथलेहेम

इ. स. ३८६ पासून मरणापर्यंत जेरोम बेथलेहेमात राहिला. पाउलाच्या पैशाने तेथे पुरुषांसाठी एक व स्त्रियांसाठी तीन मठ आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळा झाली. बारानिनास नावाचा एक यहूदी शिक्षक इतर यहूद्यांच्या भीतीने रात्री येऊन त्याला इब्री शिकवी. इ. स. ३९० ते ४०५ या काळात जेरोमने जुन्या कराराचे बहुतेक भाग ग्रीक भाषांतरावरून न घेता मूळ इब्रीतून लॅटिनमध्ये आणले. हेच पुढे वुल्गाता म्हणून हजार वर्षे पश्चिम युरोपचे शास्त्र झाले. भाषांतरकाराने मुळाकडे गेले पाहिजे हा धडा त्याने घालून दिला. आपल्या मराठी शास्त्राच्या भाषांतरकारांनी इब्री व ग्रीकचा आधार घेतला, तो याच वाटेने.

जोव्हिनियनशी वाद

इकडे रोममध्ये जोव्हिनियन नावाच्या एका संन्याशानेच वेगळे शिकविण्यास आरंभ केला. तो स्वतः अविवाहितच राहिला. पण बाप्तिस्मा घेतलेली कुमारी, विधवा व विवाहित स्त्री यांचे आचरण इतर बाबतींत सारखे असेल, तर देवापुढे त्यांची योग्यताही सारखीच. उपास करणे आणि उपकारस्तुतीने अन्न खाणे यांत श्रेष्ठ-कनिष्ठ नाही, असे तो सांगे. त्याचे ऐकून काहींनी ब्रह्मचर्य सोडून लग्ने केली. सिरिसियसने रोममध्ये व अँब्रोजने मिलानमध्ये त्याला दोषी ठरविले.

जेरोमने इ. स. ३९३ मध्ये त्याच्याविरुद्ध दोन भागांचा ग्रंथ लिहिला. त्याची विद्वत्ता आणि त्याचा राग ही दोन्ही त्यात भरभरून आहेत. पौल विवाहितांना प्रार्थनेसाठी काही काळ दूर राहण्यास सांगतो (१ करिंथ ७:५). पाळकाने तर नित्य प्रार्थना केली पाहिजे, म्हणून त्याने नित्यच दूर राहिले पाहिजे, असा त्याचा युक्तिवाद आहे. पेत्राला सासू होती हे त्याला नाकारता येईना, तेव्हा विश्वास ठेवला त्या वेळी त्याची पत्नी हयात नसावी असे म्हणता येईल, असा तो तर्क करतो. प्रेषितांबरोबर फिरणाऱ्या स्त्रिया म्हणजे पत्नी नसून द्रव्याने सेवा करणाऱ्या बहिणी होत, असाही अर्थ तो लावतो. परराष्ट्रीयांतही कौमार्याला मान आहे हे दाखविण्यासाठी त्याने दूरदूरची उदाहरणे गोळा केली. त्यांत आपल्या हिंदुस्थानाचेही नाव येते. बुद्धाचा जन्म कुमारीच्या कुशीतून झाला असे तेथील ज्ञानी मानतात, असे तो सांगतो. आणि पुनर्विवाह टाळणाऱ्या स्त्रियांची स्तुती करताना हिंदुस्थानात पतीच्या चितेवर जळून जाण्यासाठी बायकांत चढाओढ लागते, हेही तो कौतुकाने नमूद करतो. ज्या देशात त्या चालीविरुद्ध कायदा व्हावयास १८२९ साल उजाडावे लागले, त्या देशातील वाचकाला हे कौतुक सहन होत नाही. एक वस्तू उंच करण्याच्या भरात दुसरी किती खाली जाते, याचे भान लेखकाला राहिले नाही.

हे आमचेच मत आहे असे नव्हे. ग्रंथ रोमला पोहोचताच जेरोमचे मित्रच घाबरले. पाउलाचा जावई पामाकियस याने तर प्रती परत गोळा करण्याचा यत्न केला, पण तोवर त्या सर्वत्र गेल्या होत्या. जेरोमने बचावाचे पत्र लिहिले की, आपण लग्नाला पाप म्हटलेले नाही, फक्त कौमार्य श्रेष्ठ म्हटले आहे. त्याच पत्रात दावीदाला दिलेल्या समर्पित भाकरीचा दाखला आहे (१ शमुवेल २१). स्त्रियांपासून दूर राहिलेल्यांनाच ती भाकर मिळाली, तर ख्रिस्ताचे शरीर घेणाऱ्याने किती शुद्ध असावे, असे तो विचारतो. परंतु या मार्गाने पतीपत्नीचा संबंधच जणू विटाळ ठरतो, हे त्याच्या ध्यानात आले नाही. काही वर्षांनी, इ. स. ४०१ च्या सुमारास, ऑगस्टीनने विवाह ही देवाने दिलेली चांगली गोष्ट आहे हे दाखविणारा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. लग्नाची निंदा केल्यावाचून जोव्हिनियनला उत्तर देता येत नाही, असे लोक म्हणू लागले होते, म्हणून त्याला तो लिहावा लागला. त्यानेही कौमार्य श्रेष्ठच मानले, पण लग्नाला अप्रतिष्ठा येऊ दिली नाही.

त्याच्याच लेखणीची साक्ष

जेरोम प्रामाणिक होता, म्हणून विरुद्ध बाजूचा पुरावाही त्याच्याच पानांत सापडतो. विवाहितांना याजकपद दिले जाते हे तो जोव्हिनियनविरुद्धच्या ग्रंथात कबूल करतो, आणि कारण देतो की, जितके याजक हवेत तितके ब्रह्मचारी मिळत नाहीत. इ. स. ४०६ मध्ये व्हिजिलँशियस नावाच्या गॉल प्रांतातील वडिलाविरुद्ध त्याने एका रात्रीत पुस्तक लिहून काढले. त्यात तो संतापाने सांगतो की, काही बिशप तर डीकनचे लग्न झाल्याशिवाय त्याला दीक्षाच देत नाहीत! त्यांना वाटे की, अविवाहित तरुणावर विश्वास ठेवणे धोक्याचे. म्हणजे एकाच काळात, एकाच साम्राज्यात, काही बिशप पत्नी नको म्हणत होते आणि काही पत्नी हवीच म्हणत होते. याच सुमारास उत्तर आफ्रिकेत सिनेसियस नावाच्या गृहस्थाने, आपण पत्नीला सोडणार नाही आणि तिला चोरून भेटणारही नाही, असे आधीच स्पष्ट कळविले. तरीही तो प्टोलेमाइसचा बिशप झाला. प्रेषितांपासून सर्वत्र एकच अटळ नियम असता, तर असे घडले नसते.

शेवटचे दिवस

इ. स. ४०४ मध्ये पाउला मरण पावली. सारी संपत्ती दानात गेली होती, मागे कर्ज होते. जेरोमला काही दिवस लिहिणेही जमेना. किनाऱ्यावर हात पसरून रडलेला टोक्सोशियस मोठा झाला, त्याने लीता नावाच्या मुलीशी लग्न केले, आणि त्यांच्या मुलीचे नाव आजीवरून पाउला ठेवले. या मुलीला कसे शिकवावे याविषयी जेरोमने लीतेला पत्र लिहिले. हस्तिदंताची किंवा लाकडाची अक्षरे करून तिला खेळता खेळता वाचावयास शिकवावे, चुकल्यास रागावू नये, असे तो सांगतो आणि म्हाताऱ्या खांद्यावर तिला घेऊन फिरण्याची इच्छा दाखवितो. विवाहाविषयी इतका कठोर लिहिणारा पुरुष एका लेकराविषयी किती हळुवार होतो! पुढे ती मुलगी बेथलेहेमास आली व त्याच्या अखेरच्या वर्षांत जवळ होती. इ. स. ४१० मध्ये रोम लुटले गेले व मार्सेला त्या आघाताने वारली. बेथलेहेमात निर्वासितांची रीघ लागली, तेव्हा जेरोमने काही काळ लेखन बाजूला ठेवून त्यांची सेवा केली. इ. स. ४१६ मध्ये दंगलखोरांनी मठ जाळले. ३० सप्टेंबर ४२० रोजी जेरोमने देह ठेवला असे मानतात.

त्याच्या मागे ही प्रथा दोन वाटांनी गेली. पूर्वेकडील मंडळ्यांनी इ. स. ६९२ च्या सुमारास ठरविले की, दीक्षेपूर्वी लग्न झालेल्या याजकाने पत्नीबरोबर संसार करावा. फक्त बिशप संन्यस्त असावा. केरळातील ऑर्थोडॉक्स सिरियन मंडळ्यांत आजही विवाहित याजक व अविवाहित बिशप दिसतात. पश्चिमेकडे सिरिसियसची आज्ञा वारंवार मोडली गेली व वारंवार पुन्हा काढली गेली. शेवटी इ. स. ११३९ च्या दुसऱ्या लॅटेरन परिषदेने दीक्षितांचे लग्न हे लग्नच नव्हे असे ठरविले. १५२५ मध्ये लूथरने लग्न केले. १५६३ मध्ये ट्रेंट परिषदेने जुना नियम कायम केला. लॅटिन विधीच्या कॅथलिक मंडळीत काही अपवाद सोडता तो आजही चालू आहे. रोमशी एकत्र असलेल्या पूर्वेकडील काही मंडळ्यांत मात्र विवाहित याजक आहेत.

आपण काय घ्यावे?

प्रथम, सत्य बोलावे. शेजाऱ्याने विचारले तर पोपने अकराव्या शतकात हुकूम काढला असे एका वाक्यात सांगून मोकळे होऊ नये. ज्यांनी ही वाट धरली त्यांतील अनेकांनी ती प्रभूवरील प्रीतीने धरली होती. चूक झाली ती एका कृपादानाचा सर्वांसाठी कायदा केला तेथे. आणि विवाहशय्येला शास्त्र आदरणीय म्हणत असता (इब्री १३:४) तिच्यात विटाळ पाहिला तेथे.

दुसरे, आपल्याही घरात पाहावे. आपल्या मंडळ्यांत चाळिशीचा अविवाहित सुवार्तिक आला की, पहिला प्रश्न त्याच्या लग्नाचा असतो, आणि मंडळीला पाळक निवडताना अविवाहित माणूस नको असतो. जेरोमला जे बिशप पटत नव्हते, त्यांच्या पंक्तीला आपण जाऊन बसतो. ज्या मिससाहेबांनी आपल्या आजी-आईला अक्षरओळख करून दिली, दवाखाने चालविले, त्यांतील कित्येक प्रभूच्या कामासाठी एकट्याच राहिल्या होत्या. त्यांचे उपकार मानावयाचे आणि त्यांच्या मार्गाला हसावयाचे, हे बरे नव्हे.

तिसरे, पाळकाच्या पत्नीचा विचार करावा. नियमांच्या या साऱ्या इतिहासात सिरिसियसच्या काळच्या त्या स्पेनमधील स्त्रियांना कोणी विचारले असे दिसत नाही. नवऱ्याला दीक्षा मिळाली त्या दिवशी त्यांचा संसार थांबला. आपल्याकडे पाळकीण बाई मंडळीचे पाहुणे, आजारी, रविवारची शाळा असे सारे सांभाळते, पण तिचेही नाव क्वचितच घेतले जाते.

जेरोमचे शास्त्राचे काम आपण कृतज्ञतेने घ्यावे, त्याच्या रागीट पानांची पारख करावी, आणि दोन्ही करताना करिंथकरांस पहिल्या पत्राचा सातवा अध्याय पुढे ठेवावा. पुढच्या वेळी शेजारी हा प्रश्न काढील, तेव्हा तो अध्याय आपण त्याच्याबरोबर बसून वाचावा, अशी आमची वाचकांस नम्र विनंती आहे.